उतार जाळायचा दिवस

तीन वर्षं ताई त्या एका उताराच्या मागे हात धुऊन लागली होती. आज सगळं जुळून आलं, तर सख्ख्या भावानेच खोडा घातला.

ठरवून आग लावायची, हे ताईचं काम. उन्हाळ्यात जंगल आपलं आपण पेटायच्या आत वाळकं गवत आणि पडलेली लाकडं आपणच बेताबेताने जाळून टाकायची. ऐकायला सोपं आहे हो! वारा फार नको आणि अगदी पडलेलाही नको, हवेत ओलावा हवा आणि तरी गवत पेटायला हवं. असा दिवस हंगामात दोन-तीनदा येतो. हा हंगाम संपायला आठवडा उरला होता आणि उद्यापासून रोज जोराचा वारा सांगितला होता. म्हणजे आजच, तेही दहा ते एक. नाहीतर ते गुडघाभर गवत तसंच उन्हाळ्याच्या तावडीत सापडणार. आणि उताराच्या पायथ्याचं पहिलं घर दादाचं होतं.

तक्रारही दादाचीच. धुराने बायकोला धाप लागते, असं त्याने सकाळी नऊला कार्यालयात लेखी देऊन टाकलं होतं. साहेबांनी लगेच हात वर केले. तक्रार मागे घेतल्याशिवाय काडी ओढायची नाही म्हणाले. इकडे अठरा माणसं आणि पाण्याच्या दोन गाड्या तयार उभ्या. आग पलीकडे जाऊ नये म्हणून उताराभोवती मातीचा उघडा पट्टा काढायला त्याच माणसांनी नऊ दिवस घाम गाळला होता. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीला मात्र कुणाची परवानगी लागली नाही.

ती तडक दादाच्या घरी गेली. वहिनी खिडकीशी दम्याचा पंप हातात धरून बसली होती. ताईने वाऱ्याच्या अंदाजाचा कागद पसरून दाखवलं, की आजचा धूर वर माथ्याकडे जाईल आणि तीन तासांत संपेल, उन्हाळ्यातला धूर मात्र आगीला सोबत घेऊन घरात येईल. दादा लहानपणी औषध नको म्हणून मान हलवायचा तशी मान हलवत राहिला. इतका राग आला तिला, की रडूच फुटायचं बाकी होतं. शेवटी वहिनीच म्हणाली, "अहो, करा सही. आपण दिवसभर माझ्या बहिणीकडे जाऊ."

दादाने तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर कुरकुरत सही केली, दोन बॅगा भरल्या, घराला कुलूप लावलं. तेव्हा पावणेबारा झाले होते. साहेब मीटिंगमध्ये. त्यांचा होकार मिळाला बारा वीसला.

आधी कोपऱ्यात खोलीएवढा तुकडा पेटवायचा आणि धूर कुठे जातो ते बघायचं, ही पद्धत. आणखी एक नियम ताईनेच घातला होता. गाडीच्या ड्रायव्हरपासून कुणीही "थांबा" म्हणू शकतो. म्हटलं की काम बंद. कारण विचारायचं नाही, नंतर तोंड फुगवायचं नाही.

तुकडा पेटला. धूर सरळ वर चढला आणि कागदावर होतं तसा माथ्याकडे कलला. माणसांनी मशाली उचलल्या. तेवढ्यात तो धूर खाली दबला, दादाच्या छपराकडे वळला आणि पुन्हा सरळ झाला.

सगळ्यांनी पाहिलं होतं. एखादी झुळूक असते, म्हणता आलं असतं. ताईला मनापासून वाटत होतं, की दुसऱ्या कुणीतरी तो शब्द उच्चारावा, म्हणजे निदान त्याच्यावर चिडता येईल. अठरा जण तिच्याकडे बघत राहिले. घड्याळात पाऊण वाजला होता. धूर परत खाली वळला.

"थांबा," ती वॉकीटॉकीवर म्हणाली.

दहा वाजता हाच उतार निमूट जळला असता, हे तिला माहीत होतं, प्रत्येकाला माहीत होतं. पाणी मारून तुकडा विझवला. माणसं पाइप गुंडाळू लागली. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"झालं का गं? निघू का आम्ही परत?"

"या. नाही जाळता आलं. वारा फिरला."

"मग आता पुढच्या आठवड्यात?"

ताईने उताराकडे पाहिलं. वाऱ्याने सगळं गवत घराच्या बाजूला वाकलं होतं.

"आता पुढच्या वर्षी. दादा, त्या बॅगा उघडू नकोस. उन्हाळा संपेपर्यंत दाराशीच राहू देत."