चालक : एक

टेकडीच्या चढावर मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चहाच्या किटलीमागच्या भिंतीवर, विक्रमवीरांच्या नावांचा एक लाकडी फलक होता. तो डेस्मंड क्रॅडकने स्वतःच्या हातांनी घडवला होता. एकतीस वर्षे शाळेत सुतारकाम शिकवलेल्या माणसाचा हात त्यात दिसून येई. ह्युऑन पाइनच्या सुवासिक लाकडाची प्रत्येक पाटी आपापल्या खाचेत अशी बसे, की मध्ये केसही शिरू नये. छोट्या गाड्यांच्या वर्गापुढे नऊ वर्षे एकच पाटी होती : ‘डे. क्रॅडक, ४८.६१ सेकंद’. पाट्या काढता-घालता येण्याजोग्या असाव्यात, ही सूचनाही त्याचीच. आपली पाटी कधी काढावी लागेल, हा विचार मात्र त्या वेळी त्याच्या मनाला शिवला नव्हता.

आणि आता ती पाटी काढायला निघाली होती त्याची स्वतःची पत्नी.

तीस वर्षे लिनेट त्या टेकडीवर सँडविच आणि थर्मास घेऊन येत असे, घडीच्या खुर्चीवर बसून विणकाम करीत असे, आणि डेस्मंडची पांढरी गाडी मेंढ्यांच्या कुरणातून वर नाहीशी झाली की घड्याळाकडे पाहत असे. यंदाच्या हंगामारंभी ती सहज म्हणाली, “गाडी एवीतेवी येतेच आहे, तर मीही नाव घालते की.” एका गाडीवर दोन नावे घालण्याची पद्धत क्लबात जुनीच होती, बापलेक घालीत, भाऊभाऊ घालीत. डेस्मंडने मोठ्या कौतुकाने संमती दिली. पहिल्या शर्यतीत तिला सत्तावन्न सेकंद लागले, तेव्हा त्याने तिला प्रत्येक वळण प्रेमाने समजावून सांगितले. दुसऱ्या शर्यतीत बावन्न लागले. तेव्हाही सांगितले, पण थोडक्यात. चौथ्या शर्यतीत ४८.९ लागले, आणि त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरले नाही.

“बावीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी, डेस,” घरी परतताना ती म्हणाली. “मागे चाळीस पोरं, त्यांचे डबे, एखादं ओकायच्या बेतात. डोंगरातल्या वळणावर कुणाला जाणवूसुद्धा द्यायचं नाही. त्यापुढे तुमची ही टेकडी म्हणजे काय रे?”

ते वाक्य डेस्मंडच्या मनात कुसळासारखे रुतले. त्या बसला त्याने कधी वाहनचालन मानलेच नव्हते. ती नोकरी होती. शेजाऱ्याने विक्रम मोडला असता तर त्याने पाठ थोपटून घरी येऊन चार दिवस चिडचिड केली असती, आणि ती ऐकून घ्यायला लिनेट असती. आता चिडचिड करायची तरी कुणापाशी? त्याच मेजावर समोर बसून तीच बाई बटाटे वाढीत होती. ती गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याचाही त्याला हेवा वाटला.

त्या हिवाळ्यात, गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून, आत पोलादी पिंजरा बसवून झाला होता आणि अभियंत्याचा दाखलाही मिळाला होता. शेवटच्या शर्यतीआधी आता आसनाच्या पट्ट्यांची निवड तेवढी उरली होती.

“आहे त्या पट्ट्याचं काय वाईट आहे?” लिनेटने विचारले. मूळच्या तिरप्या पट्ट्यावर तिने आपली एक युक्ती बसवली होती. सीट मागे सारायची, पट्टा लावायचा, खसकन हिसडा देऊन तो जागीच अडकवायचा आणि मग सीट पुढे घ्यायची. म्हणजे पट्टा आपोआप छातीला आवळून बसे.

“तो दूध आणायला जायचा पट्टा आहे, लिन. पिंजरा नव्हता तोवर तोच बरोबर होता. गाडी उलटून छत खाली आलं, तर माणसाला वाकता तरी यायला हवं. दोन्ही खांदे, कंबर जखडणाऱ्या हार्नेसमध्ये बांधलेला माणूस वाकत नाही. आता पिंजरा आहे, आता हार्नेस घ्यायचा.”

“मग चार पट्ट्यांचा घे. स्वस्तही आणि काढघालही कमी.”

“चारचा नको.” इथे डेस्मंडचा स्वर शिक्षकाचा झाला, आणि तो खरेच सांगत होता. “धक्का बसला की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात. तो हाडावरून सरकून पोटावर येतो आणि माणूस खालून निसटतो. मांड्यांमधून येणारे दोन पट्टे कमरेच्या पट्ट्याला जागेवर धरून ठेवतात. म्हणून सहा.”

“बघ, किती छान सांगतोस,” लिनेट मनापासून म्हणाली. “सहाचा घे मग. फक्त मलाही त्यात नीट बसता आलं पाहिजे.”

“बसशीलच की,” तो म्हणाला, आणि बटाट्यांवर मीठ घालू लागला.

लॉन्सेस्टनच्या शर्यती सामानाच्या दुकानात पाउला नावाची मालकीण होती. शर्यतीत एकदा मानेला मार बसल्यापासून तिने गाडी सोडली होती आणि पट्टे विकायला घेतले होते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मोजल्यावाचून ती काही देत नसे. तिने डेस्मंडला पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरची मुदतीची तारीख दाखवली, कडी उघडून मिटून दाखवली, आणि मग दोन आसने पुढे ओढली.

“पट्टा एकटा घेऊन उपयोग नाही. सीटच्या पाठीतल्या भोकांतून तो मागे जातो, तेव्हा भोकं तुझ्या खांद्याइतकी किंवा बोटभर वर हवीत. खाली असली तर पट्टा खांद्याला खाली खेचतो. आपटलास की सगळा भार मणक्यावर.” तिने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. “ही सीट उंच आहे, भोकांच्या दोन जोड्या आहेत. ही दुसरी बुटकी, एकच जोडी. गाडी कोण कोण चालवतं?”

डेस्मंड बुटक्या आसनात बसला होता. भोके त्याच्या खांद्यांशी अशी जुळली होती, जशी त्याची पाटी खाचेशी जुळे. लिनेट त्याच्याहून डोकेभर उंच होती. लग्नाच्या छायाचित्रात छायाचित्रकाराने तिला एक पायरी खाली उभे केले होते. त्याला ते सारे स्मरले. तिला ह्या आसनात क्लबचा तपासनीस मर्व्ह बसू देणार नाही, हेही कळले. तिला काही अपाय होणार नव्हता. ती केवळ खुर्चीवर परत जाणार होती, विणकामाकडे. अपाय होणार नाही, ह्याच शब्दांनी त्याने आपल्या मनाचे दार हळूच लावून घेतले.

“मीच,” तो म्हणाला. “मी एकटाच.”

पाउलाने त्याप्रमाणे कार्ड भरले आणि आसनाच्या पाठीमागच्या खिशात सरकवले.

आसन घरी आले, तेव्हा लिनेटला त्यात बसून पाहायचे होते. बिजागऱ्या, रंग, थंडी अशा सबबी एकामागून एक येत राहिल्या. शेवटी तीही म्हणेनाशी झाली. “तू बघतोयस ना सगळं,” एवढेच ती म्हणाली आणि कधी नव्हे ती त्याच्यासाठी लॅमिंग्टन करून बसली. ते केक त्याला गिळवले नाहीत.

शर्यतीच्या सकाळी कुरणांवर दव गोठले होते. तपासनीस मर्व्ह रस्टन, सत्तरीचा, लोकरी टोपीतला, गाडीभोवती सावकाश फिरला. त्याने चिठ्ठीवरची तारीख वाचली, बोल्ट ओढून पाहिले, डेस्मंडला बसवून पट्टे आवळले आणि समाधानाने हुंकार दिला.

“सुरेख. आता बाईसाहेब, तुम्ही.”

लिनेट बसली. मर्व्हने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग बोटे आडवी लावून भोकापर्यंतचे अंतर मोजले.

“चार बोटं. लिन, भोकं चार बोटं खाली आहेत गं. हे तुझ्या मापाचं नाहीच.” त्याने मागच्या खिशातून कार्ड ओढले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तपासनिसाच्या सवयीने मोठ्याने वाचले. “आसनाची उंची अमुक. खांदा तमुक. चालक : एक.”

रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. डेस्मंडला आपल्या बुटांची टोके फार लक्ष देऊन पाहावीशी वाटली.

“भरणाऱ्याचं चुकलं असेल,” लिनेट म्हणाली. तिने पट्टे स्वतःच सोडवले. आवाज सपाट होता.

“असेलही. पण आपला नियम ठाऊक आहे ना? एक गाडी, एकच पट्टा. निम्मा हार्नेस, निम्मा रस्त्याचा असं करत बसलात, की अदलाबदलीच्या घाईत कुणीतरी काहीच न बांधता निघतं. बघितलंय मी ते. हार्नेस गुंडाळून मागे टाका. दोघंही दूध आणायच्या पट्ट्यावर.” मर्व्हने हसू दाबले. “डेस, तूच ठेवलेलं नाव ना ते?”

पहिल्या चढाईत डेस्मंड प्रत्येक वळणावर आसनात घरंगळला. स्टिअरिंगचे चक्र फिरवायचे की चक्राला धरून बसायचे, हे त्याला कळेना. ५०.२. लिनेट तोच पट्टा आवळून वर गेली : ४८.८. दुसऱ्या चढाईआधी त्याने तिची युक्ती एकट्याने करून पाहिली. पट्टा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा मानेला घासला. ४९.७. ती ४८.७.

दुपारी शेडबाहेर तव्यावर सॉसेज आणि कांदा परतला जात होता. पावाच्या एकेका कापात ते गुंडाळून घेऊन दोघे कुंपणाशी उभी राहिली.

“मुद्दाम?” लिनेटने मेंढ्यांकडे पाहत विचारले.

“हो.”

“पाटीसाठी?”

“हो.”

तिने घास सावकाश चावला. “मला वाटलं, माझ्या जिवाची काळजी करतोयस. चार नको, सहा हवेत, हाडावर हवा, पोटावर नको... दोन आठवडे मी त्याच आनंदात होते, डेस. लॅमिंग्टन केले मी तुझ्यासाठी.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला आधार वाटला असता. आपल्या अपराधाहून तिचा तो दोन आठवड्यांचा आनंद त्याला अधिक बोचला. आणि त्या बोचणीतही, लाज वाटावी अशा क्षीण आवाजात, ४८.७ हा आकडा मनात वाजतच होता.

“चल,” ती हात पुसत म्हणाली. “शेवटची चढाई. सीट मागे घे. पट्टा मी धरते, एकट्याने होत नाही तुला.”

“कशाला?”

“मी घरंगळलो म्हणून हरलो, असं आयुष्यभर ऐकवशील. नकोच ते.”

तिने दारातून वाकून, दारामागच्या खांबापाशी पट्टा धरून असा हिसडा दिला, की त्याच्या छातीतून हवा निघून गेली. तो आसन पुढे घेत गेला आणि पट्टा आवळत गेला. त्या चढाईत गाडी आणि तो एकच झाले. ४८.६५. स्वतःच्याच विक्रमाला चार शतांश सेकंद कमी पडले. नऊ वर्षांत इतक्या जवळ तो आला नव्हता.

आता लिनेटची पाळी होती. ती बसली, आसन मागे सारले आणि पट्टा लावून त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “धर.”

डेस्मंडने खांबापाशी हात घातला. पट्टा किती सैल राहिला, हे केवळ त्याच्या बोटांना कळणार होते. अंगठ्याच्या रुंदीइतका पुरे होता. पहिल्याच वळणावर ती खांद्यावर कलली असती, आणि पाटी खाचेत राहिली असती. तेवढा एक श्वास तो थांबला. त्याच्या आतले ते जुने, हट्टी मन अंगठ्यापाशीच येऊन उभे होते.

मग त्याने दोन्ही हातांनी हिसडा दिला.

“अजून,” लिनेट म्हणाली.

“पुरे की.”

“अजून, डेस.”

त्याने पाय गाडीच्या उंबऱ्याला टेकवून पुन्हा ओढले. तिने आसन पुढे घेतले, मान हलवली आणि ती गेली. तो रस्त्याकडेला उभा राहून इंजिनाचा आवाज वळणावळणाने मोजत राहिला. एकाही वळणावर कुणाचा डबा सांडला नसता.

४८.४.

मर्व्हने टोपी काढली. डेस्मंडने टाळ्या वाजवल्या. त्या खऱ्या होत्या, आणि त्या वाजवताना तळहात दुखत होते, हेही खरे होते.

सोमवारी त्याने बुटके आसन विकायला काढले आणि पाउलाला दूरध्वनी करून उंच आसन राखून ठेवायला सांगितले. “चालक दोन,” तो म्हणाला. “आधी खोटं बोललो होतो.” मग तो कार्यशाळेत गेला, ह्युऑन पाइनची एक फळी निवडली आणि कोरायला बसला. संध्याकाळी लिनेट चहा घेऊन आली, तेव्हा नवी पाटी जुन्या पाटीशेजारी मेजावर पडली होती.

तिने कप ठेवला. दोन्ही पाट्यांवरच्या अक्षरांवर आडवी बोटे ठेवून पाहिली, मर्व्हने तिच्या खांद्यावर ठेवली होती तशी.

“माझं नाव अर्धं बोट लहान आहे, डेस.”

त्याने वाकून पाहिले. खरेच होते. त्याने ते ठरवून केले नव्हते. त्याच्या हाताने केले होते.

“आहे खरं,” तो म्हणाला आणि दुसरी फळी घेतली.

लिनेट गेली नाही. तिने घडीची खुर्ची उघडली, कप हातात घेतला आणि तो माप आखीत असता शेजारी बसून राहिली.