ताई सहा तास उभ्या होत्या तेव्हा

"ताई, याचा एक पाय सैल आहे. यावर फार वेळ उभ्या राहू नका हं," सुतारकाकांनी बजावलं होतं.

ताई हसल्या. "अहो काका, माझं वजन ते किती! बोलून बोलून अर्धी झालेय."

मित्रांनो, तेच मी जुनं लाकडी स्टूल. मोडक्या दाराच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. वरच्या फडताळातल्या डब्यांपर्यंत ताईंचा हात पोचवणं, एवढंच माझं काम. ताई मात्र नगरसभेत निवडून आलेल्या, परक्या सरकारला तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्या.

महायुद्ध चालू होतं. गावाचं सगळं धान्य सैन्यासाठी न्यायचा हुकूम निघाला. पोती धक्क्यावर रचलेली, बोट पाचला भरतीबरोबर सुटणार, कुणासाठी थांबणार नव्हती. फक्त सभेची मंजुरी बाकी होती. पण सभासद उभा राहून बोलत असेपर्यंत मतदान घ्यायचं नाही, असा सरकारचाच नियम होता. ताई तर उंच टेबलामागे दिसायच्याही नाहीत. म्हणून अकरा वाजता त्या मला काखोटीला मारून सभेत गेल्या. सगळे फिदीफिदी हसले.

अध्यक्ष असलेला परका साहेब म्हणाला, "खाली उतरलात की भाषण संपलं."

ताई चढल्या. माझा पाय कुरकुरला.

ताई घराघराविषयी बोलू लागल्या. शिंप्याकडे खाणारी सात तोंडं, त्यात एक आंधळी आजी. दाईकडे चार. हातात कागद नाही, सगळं गाव तोंडपाठ! हसणारे पुढे सरकून ऐकू लागले.

तीनला सासूबाईंच्या मांडीवर ताईंची तान्ही लेक रडू लागली. ताईंचा आवाज अडखळला. मागच्या बाकावरून सासूबाई कडाडल्या, "तू बोल गं! हिला मी बघते!"

ताईंचे पाय थरथरत होते, ते फक्त मला कळत होतं. मी उरलेले तीन पाय घट्ट रोवले.

पाचला भोंगा वाजला. बोट रिकामी गेली, धान्य गावातच राहिलं. ताई उतरल्या आणि माझा सैल पाय निखळून पडला.

"सांगितलं होतं ना!" म्हणत सुतारकाकांनी डोळे पुसले, मग पाय ठोकून बसवला.

पुढे स्वातंत्र्य आलं. मला काचेच्या कपाटात ठेवायला संग्रहालयाची माणसं आली, तर ताई म्हणाल्या, "मग मी डबे कशावर चढून काढू?"

काल तोच पाय पुन्हा निखळला. मी सुतारकाकांच्या लेकाच्या दुकानात पडून आहे. ताई आता एकट्याच असतात, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. साखरेचा डबा अजून वरच आहे, आणि त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत. कशावर तरी चढतीलच.

मित्रांनो, शाळेतून घरी जाताना डावीकडचं दुसरं दार ताईंचं. जरा कडी वाजवून बघाल?