करिष्माच्या आईची कार्डं

“हे घाल गळ्यात,” अश्विनभाऊने खोटं मंगळसूत्र टेबलावरून पुढे सरकवलं. “म्हातारी येऊन राह्यली. आज तूच करिष्माची आई.”

त्याच्या ऑफिसात कामाला असलेल्या रीताने ते गळ्यात घातलं. करिष्मा नावाची मुलगी कुठेच नव्हती आणि रीताचं तर लग्नही झालेलं नव्हतं.

चंद्रपुरातली जुनी घरं स्वस्तात घ्यायची, फरशी-रंग करून चढ्या भावाने विकायची, हा अश्विनचा धंदा. त्यात दलालांची एवढी झुंबड, की लोक छापील पत्रकं न वाचताच कचऱ्यात टाकत. म्हणून त्याने पोस्टकार्डांची शक्कल लढवली. कार्ड मातीमोल आणि रीताचं अक्षर सुरेख. ‘काकू, रोज तुमच्या घरावरून जाते. माझी करिष्मा तुमच्या पेरूपाशी थांबते, हलतच नाही. घर विकायचं मनात आलं तर आधी आम्हाला कळवा.’ ज्याच्या अंगणात जे झाड, ते कार्डात. हे सगळं रीतानेच रचलं होतं. तेव्हा तिला गंमतही वाटली होती, आणि आता त्याचीच शिसारी येत होती.

पेरूवाल्या घराच्या रुखमाबाई शेजारणीला घेऊन आल्या. जास्त भाव देणारे दलाल त्यांनी दारातूनच परत पाठवले होते.

“तुमी लेकराबाळाचे,” त्या रीताला म्हणाल्या, “तुमाले कमीत देतो. दलाल तं पहिले पेरूच तोडन.”

करिष्माचा मामा म्हणून बसलेला अश्विन गोड हसला. पेरूच्या जागी मोटार उभी करायची, हे त्याचं केव्हाच ठरलं होतं.

रुखमाबाईंनी पिशवीतून तांदूळ, नारळ, खण काढला. “घर देतानी घरच्या बाईची ओटी भरा लागते. माह्या हातानं चालत नाई, म्हून हिले आणलं. कर बाई ओढणी पुढं.”

रीताने ओढणी पसरली. शेजारणीची ओंजळ जवळ आली, तशी तिला स्वतःचीच किळस आली. नोकरी गेली तर गेली.

“नका भरू, काकू. मी नाई घेऊन राह्यली घर. हाच दलाल आहे. माह्यं लग्नच नाई झालं.”

अश्विन शिवी हासडत उठला. रुखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. घराच्या भावाचंही काही विचारलं नाही.

“अन् करिष्मा?”

“नाई काकू. मनानंच लिहिली.”

शेजारीण तांदूळ पिशवीत परत ओतू लागली.

“कार्ड आलं तवापासून दुपारची फाटकापाशी बसून राह्यली मी,” रुखमाबाई म्हणाल्या. “म्हटलं, थे पोरगी थांबन, तं दिसन.”

शेजारणीने दंड धरला, तेव्हा कुठे त्या उठल्या.