कोरडी पिशवी

श्रावणातल्या शनिवारी बमरोलीच्या खोलीत सोनाली साड्यांना लेसपट्टी लावत बसली होती. समोर तिच्या सासूबाई, मंगलाबाई, उद्याच्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू निवडत होत्या.

सोनालीच्या मोठ्या आतड्यात सहा वर्षे जखमा होत्या. आठ महिन्यांपूर्वी सर्जननी ते काढून टाकले आणि लहान आतड्याचे तोंड पोटावर आणले. त्यावर पिशवी चिकटवलेली असे. रक्त पडणे थांबले, वजन सात किलो वाढले. पण घराच्या लेखी ती बरी झालीच नव्हती. देव्हारा बंद, माठाला हात नाही, ताट वेगळे. पिशवी भरली की बसणाऱ्या टोमण्यांच्या धास्तीने गेला महिनाभर ती पाणीही बेताचेच पीत होती.

"पोटवर संडास लिसन फिरस, आन् देवले हात लावू का म्हनस!" मंगलाबाई शेजारणींना सांगत.

यंदा थोरली सून गावी अडकली होती आणि रोट सुनेनेच करायचे असतात.

"आई, रोट मी करू का?"

मंगलाबाईंचे बोट गव्हात थांबले. "कर. पन पिशवी कोरडी पाहिजे. भेस्तानना भाऊबंद येतीन. एक थेंब दखाय नही पाहिजे."

आठ महिन्यांनी कोणी तिला चुलीपाशी बोलावत होते. सोनालीने लगेच मान डोलावली.

संध्याकाळी चेतन लूमवरच्या कामावरून आला, तेव्हा तिने नवऱ्याला विचारले, "सकाय पानी नही पिनू तं चाली का? सिस्टरनी सांगेल शे, रोज तीन लिटर, मीठ-साखर टाकीसन."

"एक दिनना तं प्रश्न शे," मोबाइलवरून नजर न काढता तो म्हणाला.

मोठे आतडे अन्नातले पाणी आणि मीठ शरीराला परत देते. ते नसले की दोन्ही पिशवीवाटे निघून जातात. पोट रिकामे असले तरी लहान आतडे आपला रस सोडतच राहते. सोनालीला हे ठाऊक नव्हते. रविवारी सकाळी पिशवी तीनदा भरली, तेव्हा रात्रीच्या घोटालाच दोष देऊन तिने चूळसुद्धा भरली नाही. दुपारी पिशवी कोरडी राहिली. ती हरखली. सकाळपासून लघवी झाली नव्हती, तिकडे तिचे लक्षच नव्हते.

गॅसपुढे रोट शेकताना पोटऱ्यांत गोळे येत होते. नणंद रंजना दारातूनच ओरडली, "का वं वहिनी, पिशवी खुटीले टांगी दिधी का आज?"

सगळ्या हसल्या. सोनालीही हसली. आरतीला उभी राहिली आणि टाळ्यांच्या गजरात खाली कोसळली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. "बेन, पाणीनी ना कोणे पाडी?" पाणी प्यायला कोणी मनाई केली, असे त्या गुजरातीत विचारत होत्या.

सोनालीने सासूकडे पाहिले. "कोणी नाही. मीच."

"दखा!" मंगलाबाई घाईने म्हणाल्या. "मी फक्त पिशवी कोरडी ठेव म्हनं व्हतं. पानी पेवू नको आसं कधय म्हनं?"

ते खरेच होते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले: रुग्णाने स्वेच्छेने पाणी बंद केले.

कॉटखाली आता दुसरी पिशवी लटकत होती, लघवीची. दोन दिवसांत तिच्यात चमचाभरही उतरले नाही. ती भरावी म्हणून मंगलाबाई दर तासाला वाकून पाहत आणि कानबाईला नवस बोलत.

मंगळवारी डायलिसिसच्या संमतीसाठी चेतनपुढे केसपेपर आला. सही करण्याऐवजी त्याने त्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवले. "मॅडम, हे 'स्वेच्छेने' खोडा."

"चेतन! भाऊबंद भायेर उभा शेतस," मंगलाबाई म्हणाल्या.

"ऐकू दे त्यासले." तो डॉक्टरबाईंकडे वळला. "सिस्टरने मला आणि आईला समोर बसवून समजावलं होतं, मॅडम. हिने मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. अट आईची होती. दोघांची नावं लिहा. माझं आधी."

डॉक्टरबाईंनी पेन उचलले आणि शब्दावर रेघ मारली.

सोनाली पहाटेपासून ग्लानीत होती. नवरा तिच्या बाजूने बोलला, हे तिला कळले नाही.