ट्रंकेतला देव आणि कांद्याची पात

दिवाळी झाल्यावर तुळसाबाई लेकाच्या क्वार्टरमध्ये आल्या, त्या खंडोबाचा चांदीचा टाक फडक्यात बांधूनच. पण देव काही त्यांनी मांडला नाही. पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवला आणि वरून कुलूप.

"देव आपल्या मातीत बसते," त्या म्हणाल्या. "चंपाषष्ठीच्या निवदाले घरची पात नाही, तं घर कशाचं ते? सट झाली का मी चालली गावाले, देव घिऊन."

लोकांच्या सुना सासू कधी जाते याची वाट पाहतात. वच्छलेला मात्र सासू राहायला हवी होती. नवरा देवीदास पोलाद कारखान्यात कोकओव्हनच्या भट्टीवर शिफ्टला, कधी दिवसा घरी तर कधी रात्री, आणि लेक नलू नुकती पळायला शिकलेली. मामीजी, म्हणजे सासूबाई, आल्यापासून वच्छलेला सकाळचा चहा बसून प्यायला मिळत होता. त्या चहासाठी तिनं डोंगरही खणला असता.

खणायचा होता मुरूम. मागच्या अंगणात बुलडोझरनं दाबून बसवलेला. देवीदासनं सब्बल मारली तर ठिणगी उडाली.

"इथं लोखंडच पिकते वो," तो हसत म्हणाला.

तरी तिनं न्हाणीच्या भिंतीआड एक पट्टा उकरून घेतला, शेणखत कालवलं आणि शेजारणीकडून कोंब आलेले कांदे पदराखाली लपवून आणले. लपवायचं कारण, घरात कांदा वर्ज्य. आषाढात कांदेनवमीला शेवटची भजी झाली, ती झाली. आता चंपाषष्ठीपर्यंत कांद्यानं उंबरा ओलांडायचा नाही. अंगण उंबऱ्याच्या बाहेरच येतं, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

नलूच्या आंघोळीचं पाणी रोज तिकडे जायचं. पात हिरवीगार, ताठ उभी राहिली. वच्छला येताजाता तिला बोटं लावून बघायची, झोपल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी.

चंपाषष्ठीची सट जवळ आली आणि एका दुपारी नलू आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

"हिच्या तोंडाले कांद्याचा वास कावून येऊन राहिला वो?"

"शेजारी खेळून राहिली होती, मामीजी," वच्छलेनं ठोकून दिलं आणि मागे धावली.

बकरी चरून गेल्यासारखी ओळ साफ. मुरमातून नुसती बुडखी दिसत होती, आणि त्यांवर नलूच्या दुधाच्या दातांच्या खुणा. वच्छला तिथंच बसली आणि तिला रडूच कोसळलं.

"रडून काय राहिली?" मागून तुळसाबाई आल्या. "खुडला तरी कांदा पुन्हा फुटते. सटीपर्यंत बोटभर होते."

"पण उष्टी झाली ना, मामीजी. निवदाची होती."

"फुटन ते नवी. अन् लेकराच्या उष्ट्याले देव नाही म्हणत नाही."

डोळे पुसताना वच्छलेला दिसलं, बुडख्यांभोवती राख पसरलेली होती. बारीक, चाळून घेतलेली. तिनं तर कधी राख टाकली नव्हती.

"हे राख कोणं टाकली?"

तुळसाबाई भिंतीकडे पाहू लागल्या. "नुसत्या पाण्यानं मुरमात पात येते का कुठं?"

"म्हणजे तुमाले माहीत होतं?"

"चार महिने कांदा न खाल्लेलं नाक हाये माह्यं. तू पदराखाली काय आणलं ते तुह्या आधी घरात आलं."

वच्छला रडता रडता हसत सुटली. आईला हसताना पाहून नलूही हसली, आणि तिच्या तोंडातून पुन्हा कांदा दरवळला.

सटीला पात खरंच बोटभर आली. तुळसाबाईंनी वांगं चुलीत भाजलं, भरितावर ती पात चिरून पसरली, रोडगे केले. देवीदास शिफ्टवरून आला तसा काजळीनिशी दारात थबकला. कोनाड्यात हळद लावलेला टाक बसला होता आणि फळीवर ट्रंकेतल्या लुगड्यांची चळत.

"माय, देव बाहेर काढला?"

"मंग का ट्रंकेत निवद दाखवू?"

"अन् गावाले जाऊन राहिली होती ना तू?"

तुळसाबाईंनी ट्रंकेची किल्ली कनवटीतून सोडली आणि वच्छलेपुढे धरली.

"हे घे. नलूचे थंडीचे कपडे ठेव तिच्यात. रिकामी कायले पडू द्यायची?"