धोंडूबाईंची नागीण

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर धोंडूबाई डाव्या कुशीवरचा पदर सैल सोडून बसल्या होत्या, आणि शेजारी बसलेल्या अतियाचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. भिवंडीत कामतघरला यंत्रमाग असलेल्या या अतियाच्या नवऱ्याची नागीण चार वर्षांपूर्वी धोंडूबाईंनीच मंत्र घालून बांधली होती. तिने हळू आवाजात विचारलं, "आक्का, आप यहाँ?"

"नागीन झालीय. कालपासून," धोंडूबाई म्हणाल्या. सगळ्या बाकाला ऐकू गेलं.

अंजूर गावात त्यांच्या ओटीवर तीस वर्षं दर रविवारी माणसं जमत. फोडांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना धोंडूबाई गेरूची रेघ ओढत आणि मंत्र पुटपुटत. नागिणीची दोन तोंडं भिडली की माणूस दगावतो, ही भीती घेऊन आलेला जाताना निर्धास्त असे. त्यांच्या हातून एकही दगावला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता.

सल होता तो एका अनंताचा. पलीकडच्या आळीतला हा साठीचा माणूस दीड वर्षापूर्वी फोड उठले त्या पहिल्याच दिवशी आला होता. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण बरगडीतली आग काही गेली नाही. सदऱ्याचं कापड लागलं तरी तो कळवळे, म्हणून बारा महिने उघडाच हिंडे. काल धोंडूबाईंच्या कुशीत फोड उठले आणि सून विनिता गेरू उगाळायला बसली, तेव्हा त्यांना अनंताच आठवला. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि सकाळी भिवंडीची रिक्षा धरली.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. फोड उठल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तरच त्यांचा खरा उपयोग. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड स्वच्छ कापडानं झाकायचे, वर काही लावायचं नाही. लहानपणच्या कांजिण्यांचं बीच अंगात दडून बसतं आणि उतारवयात डोकं काढतं, म्हणाले. घरात कुणी गरोदर आहे का, तेही विचारलं. विनिताला पाचवा महिना होता. तिला कांजिण्या येऊन गेल्या की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. न आलेल्याला या फोडांतून कांजिण्या लागू शकतात, म्हणून तिला दाखवायला आणा आणि खपल्या धरेपर्यंत तुम्ही लांब राहा, असं त्यांनी बजावलं. आपलं अंथरूण मागच्या पडवीत घालायचं धोंडूबाईंनी तिथंच ठरवलं.

मग त्यांनी विचारलं, "दोन तोंडं भिडली तर मानूस मरतो ना?"

"ती एका शिरेच्या वाटेनं जाते, आजी. सहसा अंगाच्या एकाच बाजूला राहते. भिडून कुणी मरत नाही."

तीस वर्षं ज्या मरणापासून धोंडूबाईंनी माणसं राखली, ते येणारच नव्हतं. जे येणार होतं, ते अनंताला गाठून बसलं होतं. त्यांनी त्याची हकिकत डॉक्टरांना सांगितली. गेलेले दिवस परत येत नाहीत, डॉक्टर म्हणाले, पण त्या आगीवर वेगळ्या गोळ्या असतात, घेऊन या.

परतताना त्या घरी न जाता अनंताच्या दारात उतरल्या. तो पायरीवर उघडाच बसला होता. त्याची बायको तुळजा दारात येऊन थांबली.

"अनंता, तवा तुला डाक्टरकडं धाडायला पायजे व्हतं. मी गेरू लावत बसले आन् तुजं दिस घालवलं. चूक माजी हाय."

तुळजाने मान फिरवली. अनंता म्हणाला, "तुमाला तरी कुटं म्हाईत व्हतं."

"व्हतं न्हाय. आता हाय. सकाळी नवाला रिक्षा आनते. तयार ऱ्हा."

त्या संध्याकाळी ओटीवर नागीण बांधून घ्यायला आलेले दोघं ताटकळत बसले होते. त्यांनाही त्यांनी लांबूनच डॉक्टरांचा पत्ता सांगितला. म्हातारीच्या हाताचा गुण गेला, असं रात्रीपर्यंत गावभर झालं. त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्या गोळी घेत होत्या.

सकाळी अनंता दीड वर्षांनी सदरा घालून निघाला. गोदामांच्या ट्रकांनी रस्ता पार उखडला होता. पहिल्याच खड्ड्याला त्याने डोळे मिटले. धोंडूबाईंनी हात पुढे केला, सदऱ्याचं कापड दोन बोटांत धरलं आणि भिवंडी येईपर्यंत त्याच्या बरगडीपासून दूर धरून ठेवलं.