सुमय्याच्या पेशींतला एकटा राखणदार

मी सुमय्याच्या शरीरातून बोलतोय. मी एक जनुक आहे. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जरा कान देऊन ऐका.

माणसात आमच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. मी आलो सुमय्याच्या अब्बांकडून, नासिरमियांकडून. माझा जोडीदार आला अम्मीकडून, आबेदाकडून. पण तो आला तोच मोडका. त्यामुळे पेशीपेशीत पहारा माझ्या एकट्यावर.

पहारा कसला? पेशी माझ्यावरून एक प्रथिन बनवते. आतले डीएनएचे धागे तुटले की ते सांधतं. सांधून होईपर्यंत 'थांब' म्हणणाऱ्या जनुकांना जागं करतं, 'वाढ, वाढ' म्हणणाऱ्यांना आवरतं. स्तनातल्या पेशींना वाढायचा हुकूम तर महिन्याच्या महिन्याला येतो. तिथं माझा जीव कायम टांगणीला.

नासिरमिया उदगीरला पत्र्याच्या पेट्या बनवायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते किल्लारीच्या बाजूला पत्र्याचे निवारे उभे करायला गेले, ते महिनोन् महिने तिकडंच. त्याच दिवसांत आबेदाच्या छातीत गाठ लागली. सुमय्या तेव्हा पंधरा वर्षांची. अब्बांना निरोप धाडू, म्हणून ती अम्मीच्या मागं लागली.

"तिकडं गावंच्या गावं गाडली गेली," आबेदा म्हणाली. "माझ्या एवढ्याशा गाठीचं काय घेऊन बसलीस? दुखत बी न्हाई."

दुखत नव्हती, तिथंच घात झाला. नासिरमिया परतले तोवर रोग काखेत उतरला होता. पुढच्याच वर्षी आबेदा गेली.

त्या घरात नासिरमियांचं मन लागेना. त्यांनी दुकान लातूरला हलवलं. तेव्हा लातुरात शिकवण्यांचा जोर वाढत होता. लोहा, धर्माबाद, कुठकुठनं पोरं यायची आणि प्रत्येकाला खोलीवर एक पेटी लागायची. सुमय्या शिकली, तिचं लग्न झालं, आणि ती अशाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. दर वर्षी फळ्यावर माझ्यासारख्यांचं चित्र काढून सांगायची, की दोघांतला एक पडला तरी दुसरा सांभाळतो. दोघं पडले की पेशीला आवरणारं कुणी उरत नाही. पोरं भराभर उतरून घेत. अम्मीचं नाव मात्र तिनं वर्गात कधी काढलं नाही.

आणि एका साली तिच्या डाव्या स्तनातल्या एका पेशीत मी पडलो. एकाच पेशीत. पण त्या एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. आसपासच्या पेशींत मी धडधाकट उभा होतो, आणि मला काही करता येत नव्हतं. दुसऱ्या पेशीत आमचा हात पोचत नाही.

अंघोळ करताना गाठ सुमय्याच्या बोटांना लागली. तीसुद्धा गप्प बसली. परीक्षा तोंडावर होती आणि तिची मुलगी जेबा तिच्याच क्लासमध्ये, त्याच परीक्षेला बसलेली होती. पण अब्बांना दुकानात चहा देताना तिचा हात पुन्हा पुन्हा काखेकडं जातोय, हे नासिरमियांनी पाहिलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"बेटा, तुझी अम्मी गप्प राहिली आणि मी पत्रे ठोकत राहिलो. आजच चल."

गाठ लहान होती. ऑपरेशन झालं, औषधांनी केस गेले, पण सुमय्या उठून उभी राहिली. मग रक्त तपासलं, तेव्हा माझ्या मोडक्या जोडीदाराचा पत्ता लागला. जेबाच्या फुफूनं, म्हणजे आत्यानं, बजावलं, की बाहेर बोलू नका, उद्या पोरीचं लग्न करायचंय. सुमय्यानं तिचं ऐकून घेतलं आणि एकोणीस वर्षांच्या जेबाला जवळ बसवून सगळं सांगितलं. मोडकं जनुक तुझ्यात आलं असेल, नसेलही. निम्मी-निम्मी शक्यता.

जेबा ओढणीचं टोक पिळू लागली. "हे गणित मला येतं, अम्मी," ती म्हणाली. "तरी भीती वाटून राहिली. पण तपासू. नानीसारखं अंधारात न्हाई राहायचं."

निकालाची वाट पाहताना मी घाबरलो होतो. बाळाच्या वाट्याला कोण जाणार, हे आमच्या हाती नसतं. जेबाच्या वेळी मी गेलो की तो, मला खरंच ठाऊक नव्हतं.

तो गेला होता.

दवाखान्याच्या बाकावर सुमय्या तोंडाला पदर लावून रडली. डॉक्टरांनी समजावलं, की पोरीला रोग झालेला नाही, होईलच असंही नाही. पण पंचविशीपासून दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही, आणि मधे काही वेगळं लागलं तर त्याच दिवशी यायचं. जेबानं अम्मीचा हात धरला आणि डॉक्टरांना विचारलं, की वेगळं म्हणजे काय ते मला आत्ताच शिकवाल का?

आता जेबाच्या पेशींत माझ्यासारखाच एकटा राखणदार उभा आहे, तिच्या अब्बाकडून आलेला. त्याची माझी भेट कधीच होणार नाही. भावा, जपून राहा. आणि जेबा, तू त्याच्यावर सगळं सोडून निर्धास्त होऊ नकोस. आम्ही पडतो तेव्हा आवाज होत नाही.